पॅनडॉक बसवतेयस ना? मग हे ऐक

तुझा मेसेज वाचला गं. पंपांच्या वापर-पुस्तिका, सगळ्या वर्डमध्ये, निम्म्या मराठीत, निम्म्या इंग्रजीत. आता त्यांची वेबपानं हवीत, पीडीएफ हवी, आणि पुढे काही बदल करायचा झाला तर तो एकाच ठिकाणी करून सगळीकडे उमटायला हवा. साहेब 'पॅनडॉक वापर' एवढंच म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले. तू ते उतरवून घेतलंस, इन्स्टॉलही केलंस, आणि आता विचारतेयस की डेस्कटॉपवर चिन्ह कुठेच दिसत नाही, बसलंय की नाही ते कळणार कसं?

खरं सांगू का, चिन्ह दिसणारच नाही. पॅनडॉकला स्वतःची खिडकी नसते, बटणं नसतात. टर्मिनल उघडायचं, एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की वर्डच्या फाइलचं वेबपान किंवा ई-पुस्तक, जे मागशील ते तयार. म्हणजे इथपर्यंत तुझं काहीही बिघडलेलं नाही. पुढचंही तुला जमणार आहे. फक्त घाई करायची नाही आणि मी सांगते त्या क्रमाने जायचं.

आणि 'मी मराठी घेऊन बीए केलं, हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम' असं मेसेजच्या शेवटी लिहिलंयस ना, ते आधी डोक्यातून काढ. पॅनडॉक ज्यांनी लिहिलं ते जॉन मॅकफार्लेन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला. २००६ साली त्यांनी ते लोकांसाठी खुलं केलं आणि तेव्हापासून ते फुकट आहे. लिहिण्या-वाचण्याचं काम करणाऱ्या माणसाने बनवलेली गोष्ट आहे बघ ही. तिला कळतं काय, तर शीर्षक, परिच्छेद, यादी, तळटीप, अवतरण, टेबल. यातलं तुला काय नवीन आहे, सांग बरं?

आत काय चालतं तेवढं मात्र समजून घे, तपासताना त्याचाच उपयोग होतो. पॅनडॉक तुझी फाइल वाचतं आणि हे मोठं शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असा मजकुराचा सांगाडा मनाशी उभा करतं. मग त्या सांगाड्यावरून मागितलेल्या प्रकारची नवी फाइल लिहितं. सांगाड्यात ज्याला जागा नाही, म्हणजे समास किती होता, अक्षर किती पॉइंटचं होतं, शीर्षक निळं होतं की लाल, ते सगळं वाटेतच गळून जातं. पॅनडॉक मजकुराची रचना जपतं, त्याचा साजशृंगार जपत नाही. हे एकदा मनात पक्कं केलंस की 'अगं, माझी फाइल बिघडली' असं निम्म्या वेळा वाटणारच नाही.

आता बसलंय की नाही ते बघू. कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना तू अर्थातच इंग्रजी अक्षरांत कर. विंडोजवर असशील तर स्टार्टमध्ये पॉवरशेल शोध आणि उघड. मॅकवर किंवा लिनक्सवर टर्मिनल. तिथे लिही:

पॅनडॉक --व्हर्जन

त्या दोन आडव्या रेघा एकमेकींना चिकटून, आणि 'व्हर्जन'लाही चिकटून. मध्ये जागा नको. आणि बघ, कमांड वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून तिथून उचलून चिकटवू नकोस. ती मंडळी शहाणपणा करून दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतात, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतात, आणि मग कमांड डोळ्यांना बरोबर दिसते पण चालत नाही. अशा वेळी माणूस तासभर स्वतःला दोष देत बसतं. कमांड जपून ठेवायच्या तर नोटपॅडमध्ये ठेव.

सगळं ठीक असेल तर पहिल्या ओळीत आवृत्तीचा आकडा येईल, आणि खाली '२००६'पासूनच्या सालांसह मॅकफार्लेन यांचं नाव. तो आकडा वहीत लिहून ठेव. हसू नकोस, खरंच लिही. पुढे कोणाला मदत मागितलीस तर पहिला प्रश्न हाच येतो. शिवाय सगळीकडे एकच आवृत्ती मिळते असं नाही. उबुंटू २२.०४ वर 'एपीटी'ने घेतलंस तर २.९.२.१ मिळते, ती २०२० सालची आहे, आणि पॅनडॉकची तिसरी मालिका तर २०२३ च्या जानेवारीतच सुरू झाली. सहकाऱ्याकडे चाललेली कमांड तुझ्याकडे चालली नाही तर आधी दोघांचे आकडे लावून बघा. लिनक्सवर असशील तर भांडारातलं न घेता पॅनडॉकच्याच पानावरचं नवं पॅकेज घे, असं मी स्पष्ट सांगेन.

आकड्याऐवजी लाल अक्षरांत 'ही कमांड ओळखता येत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं तर दचकू नकोस. पॅनडॉक बसवण्याआधीपासून टर्मिनल उघडं होतं का? मग ते बंद कर आणि नवीन उघड. प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे याची यादी टर्मिनल सुरू होतानाच वाचून घेतं, त्या यादीला म्हणतात 'पाथ'. पॅनडॉकचा पत्ता त्यात नंतर जमा झाला, तर जुन्या खिडकीला तो कळणार कसा? बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही बसवायची परवानगीच नसेल तर हिरमुसू नकोस, विंडोजसाठी झिप फाइलही मिळते. ती उघडायची, आतला प्रोग्रॅम आपल्या फोल्डरमध्ये ठेवायचा, तिथूनच चालवायचा. तरी आयटीवाल्यांना विचारूनच कर हं.

आता पहिली गंमत. नुसतं 'पॅनडॉक' लिही आणि एंटर दाब. काहीच होणार नाही. खिडकी अडकल्यासारखी वाटेल. ती अडकलेली नाही, तू काहीतरी लिहिशील म्हणून वाट बघतेय. एक ओळ लिही, एखादा शब्द दोन्ही बाजूंनी चांदणीच्या चिन्हात घाल, एंटर दाब. मग विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर, मॅक-लिनक्सवर कंट्रोल-डी. लगेच तीच ओळ वेबपानाच्या भाषेत परत येईल, आणि चांदण्यांमधला शब्द जोर दिल्याच्या खुणेत आलेला दिसेल. झालं! फाइल नाही, फोल्डर नाही, तरी एक रूपांतर तू केलंस. मध्येच सुटायचं असेल तर कंट्रोल-सी. ते लक्षात ठेवलंस की कुठल्याही टर्मिनलमध्ये कोंडल्यासारखं होत नाही.

ही चांदण्यांची लिपी म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये आणली. साध्या मजकुरात शीर्षकाआधी हॅशचं चिन्ह, यादीच्या ओळीआधी छोटी रेघ, बस. तुमच्या पुस्तिकांचा मूळ मजकूर तू यातच ठेवावास असं माझं मत आहे. अशी फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते आणि काल आणि आज यांत काय बदललं ते ओळीओळीने दाखवता येतं. पॅनडॉकपुरती एक सवय मात्र लावून घे. यादी सुरू करण्याआधी आणि शीर्षकाआधी एक रिकामी ओळ सोड. नाही सोडलीस तर यादी वरच्या परिच्छेदातच मिसळून जाते.

आता खरी चाचणी, आणि इथे तुला माझं ऐकायचंच आहे. साहेबांनी दिलेल्या फोल्डरला अजून हात लावायचा नाही. वेगळं फोल्डर कर, नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. त्यात नोटपॅडने एक छोटी फाइल कर, 'टेस्ट.एमडी' नावाची. सेव्ह करताना प्रकारात 'ऑल फाइल्स' निवड आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेव, कारण पॅनडॉक तेच वाचतं. प्रकार निवडायला विसरलीस तर नोटपॅड मागे स्वतःचं शेपूट लावतं आणि फाइल होते 'टेस्ट.एमडी.टीएक्सटी', वर विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. मग पॅनडॉक म्हणतं अशी फाइलच नाही, आणि तू म्हणतेस समोर दिसतेय की! एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइलींची शेपटं दिसतील असं आत्ताच करून ठेव.

त्या फाइलमध्ये काय घालायचं? शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण तुझ्या भांड्यातली सगळी शितं सारखी नाहीत गं. 'हॅलो वर्ल्ड' नीट बदलला म्हणून पुस्तिका नीट बदलेल असं होत नाही. म्हणून तुमच्या पुस्तिकांत जे जे अवघड आहे त्याचा एकेक नमुना घे. दोन पातळ्यांची शीर्षकं. क्रमांकांची यादी आणि तिच्या पोटात दुसरी यादी. एक लहान टेबल. एक चित्र. एक तळटीप. एक सावधानतेची सूचना. आणि मराठी मजकूर, तोही अवघड जोडाक्षरांचा. 'विद्युत', 'यंत्र', 'शक्ती', 'स्विच', 'दुरुस्ती', 'ऱ्हस्व' असे शब्द घाल. पहिली वेलांटी, रफार, अर्धा र, ही आपली नाजूक ठिकाणं, आणि मोडलं तर तिथेच मोडतं.

मग टर्मिनल त्या फोल्डरमध्ये न्यायचं. विंडोज ११ वर फोल्डरमध्ये उजवं बटण दाबलं की 'ओपन इन टर्मिनल' मिळतं, ते सगळ्यात सोपं. एरवी 'सीडी' लिहून पुढे फोल्डरचा पत्ता. आता ही ओळ:

पॅनडॉक टेस्ट.एमडी -एस -ओ टेस्ट.एचटीएमएल

'-एस' म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण पान दे, नुसता तुकडा नको. '-ओ' म्हणजे निकाल या नावाने ठेव. कशातून कशात हे पॅनडॉक शेपटांवरून ओळखतं. एंटर दाबल्यावर बहुधा एक सूचना येईल की पानाला नाव नाही, म्हणून फाइलचंच नाव देतोय. ती सूचना आहे, चूक नाही. फाइलच्या अगदी वर तीन रेघांच्या दोन ओळींमध्ये 'टायटल' लिहून नाव दिलंस की तीही जाईल. आणि काहीच उमटलं नाही, गुपचूप पुढची ओळ आली, तर ते उत्तमच. सगळं सुरळीत झालं की ते गप्प बसतं. शाबासकी देत नाही, तेवढी सवय करून घे.

तिथे 'डझ नॉट एक्झिस्ट' असं काही दिसलं तर दोनच कारणं असतात, नाव चुकलंय किंवा तू भलत्या फोल्डरमध्ये उभी आहेस. टर्मिनलमध्ये मराठी चौकोनी दिसलं किंवा प्रश्नचिन्हं आली तर त्यावरून निष्कर्ष काढू नकोस, तो नुसता त्या खिडकीच्या दाखवण्याचा दोष. पान ब्राउझरमध्ये उघड आणि तिथे बघ. निकाल 'पेक्षा मोठं'च्या (>) खुणेने फाइलमध्ये ढकलायची पद्धत कोणी सांगितली तर ऐकू नकोस. विंडोजमधलं नेहमीचं जुनं पॉवरशेल तो यूटीएफ-१६ मध्ये लिहितं आणि पुढच्या पायरीला तीच फाइल पॅनडॉकला वाचता येत नाही. नेहमी '-ओ' वापर.

त्या '-ओ'बद्दलच एक कडक सूचना. त्या नावाची फाइल आधीपासून असली तर पॅनडॉक विचारत नाही, सरळ तिच्यावर लिहितं. मूळ फाइलला ते आपणहून कधी हात लावत नाही, पण तूच '-ओ'पुढे मूळ फाइलचं नाव दिलंस तर ती गेली. म्हणून मूळ फाइली एका फोल्डरमध्ये, निकाल दुसऱ्यात, आणि कामाला लागण्याआधी मूळ फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर. यात आळस चालणार नाही.

वेबपान झालं की त्याच फाइलवरून वर्डची फाइल काढ, शेपूट फक्त 'डॉकएक्स' कर. आणि मग उलटं, त्या डॉकएक्सवरून पुन्हा एमडी, वेगळ्या नावाने. दोन्ही एमडी शेजारी शेजारी ठेवून बघ. विंडोजवर 'एफसी.एक्झी' आणि मॅक-लिनक्सवर 'डिफ' ही कमांड फरक काढून देते. ओळींची मोडणी थोडी वेगळी येईल, ते सोडून दे. टेबल आलं का, तळटीप आली का, यादीच्या पोटातली यादी बाहेर तर पडली नाही ना, एवढं बघ. या प्रवासात टिकलं त्यावर तू विसंबू शकतेस.

आता वर्डच्या फाइली. खरं काम इथे आहे, आणि त्यात पॅनडॉकचा दोष फारसा नसतो. बघ, आपल्याकडे वर्डमध्ये शीर्षक कसं करतात? ओळ निवडायची, ठळक करायची, अक्षर मोठं करायचं. डोळ्यांना ते शीर्षक दिसतं. पण पॅनडॉक डोळ्यांनी बघत नाही, ते वर्डची स्टाइल वाचतं. 'हेडिंग वन', 'हेडिंग टू' अशी स्टाइल लावलेली असेल तरच त्याच्या लेखी ते शीर्षक. नाहीतर तो ठळक अक्षरांतला एक साधा परिच्छेद. मग अनुक्रमणिका रिकामी येते आणि लोक म्हणतात पॅनडॉकने घोळ केला. तेव्हा एक मधली पुस्तिका घे, मूळची नव्हे, तिची प्रत, आणि हे करून बघ:

पॅनडॉक पुस्तिका.डॉकएक्स --एक्सट्रॅक्ट-मीडिया=चित्रं --रॅप=नन -ओ पुस्तिका.एमडी

पहिल्या सूचनेने आतली चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये निघतात (त्या फोल्डरचं नावही इंग्रजीतच ठेव), दुसरीने परिच्छेद ओळीओळीत तुटत नाहीत. एमडी उघड आणि हॅशची चिन्हं शोध. जिथे शीर्षक असायला हवं तिथे हॅशऐवजी दोन-दोन चांदण्या दिसल्या, तर वर्डमध्ये परत जाऊन स्टाइल लाव आणि पुन्हा चालव. एमडीत हाताने दुरुस्त करत बसू नकोस, फाइली पुष्कळ आहेत.

काही गोष्टी मात्र येणारच नाहीत, त्या आधीच सांगून ठेवते म्हणजे धक्का नको. पानाच्या वरखाली छापलेला कंपनीचा पट्टा येत नाही. वर्डमध्येच चित्रावर काढलेले बाण आणि गोल सहसा येत नाहीत. चित्र येतं, पण 'हा नट सैल करा' म्हणून दाखवणारा बाण गायब. पंपाच्या पुस्तिकेत हे किती महत्त्वाचं आहे ते तूच जाणतेस. अशी चित्रं बाणांसकट एकच प्रतिमा करून घ्यावी लागतात. टेक्स्ट बॉक्समधला मजकूर आला का तेही मुद्दाम बघ. आणि ट्रॅक चेंजेस चालू असलेली फाइल असेल तर पॅनडॉक एरवी सगळे बदल मान्य झाले असं धरून चालतं. कोणी सुचवलेली पण साहेबांनी न मानलेली दुरुस्तीही त्यात आत येते. म्हणून आधी वर्डमध्ये सगळे बदल मान्य किंवा अमान्य करून घे. सुरक्षेच्या सूचनेतला एखादा 'नका' असा निसटला तर कोणाच्या तरी हाताला विजेचा झटका बसेल गं. रूपांतर झाल्यावर निदान सावधानतेच्या सगळ्या सूचना तरी मूळ छापील प्रतीशी शब्दशः ताडून बघायच्या, हे मी तुला बजावून सांगतेय.

शेवटी 'डीओसी' असलेल्या जुन्या फाइली पॅनडॉक वाचत नाही, त्याला डॉकएक्सच लागते. वर्डमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करायचं, किंवा फाइली ढीगभर असतील तर लिबरऑफिस एकगठ्ठा करून देतं. पीडीएफही पॅनडॉकला वाचता येत नाही. त्यातून पीडीएफ निघते, आत जात नाही. साहेब 'अगं, वर्डची फाइल हरवली, पीडीएफ आहे ना' म्हणाले तर त्यांना तिथेच थांबव आणि वर्डची फाइल शोधायला लाव.

आणि आता आपलं मराठीचं दुखणं. काही जुन्या पुस्तिका श्रीलिपीच्या किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असणार, मला खात्री आहे. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात ती भलतीच, इंग्रजीची अक्षरं आणि चिन्हं. मराठी दिसते ती फक्त फॉन्टच्या कृपेने. पॅनडॉक फॉन्ट बाजूला टाकतं, मग उरतो तो कचरा. तो बघून घाबरू नकोस आणि पॅनडॉकच्या सूचना उलटसुलट करत बसू नकोस, त्याने काहीही होणार नाही. अशा फाइली आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, त्यासाठी वेगळे परिवर्तक मिळतात, आणि त्यानंतर एकदा माणसाने वाचावंच लागतं, कारण जोडाक्षरांत चुका राहतात. ओळखायचं कसं? फाइल उघड, मराठी ओळ उचल आणि नोटपॅडमध्ये चिकटव. मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचं काहीतरी विचित्र झालं तर ती वेगळ्या गठ्ठ्यात. हे गठ्ठे आधीच पाडलेस तर पुढचा सगळा मनस्ताप वाचेल.

पीडीएफ मी मुद्दाम शेवटी ठेवली. पॅनडॉक स्वतः पीडीएफ बनवत नाही, ते काम एरवी लाटेक नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून करून घेतं, आणि ते वेगळं बसवावं लागतं. विंडोजवर मिकटेक घे. पहिल्यांदा चालवशील तेव्हा ते हे पॅकेज हवं, ते पॅकेज हवं म्हणून विचारेल आणि वेळ लावेल. होऊ दे. पण खरं सांगू का, पहिल्याच दिवशी याच्या नादी लागू नकोस. एखादीच पीडीएफ तातडीने हवी असेल तर पॅनडॉकने वर्डची फाइल काढ आणि वर्डमधून पीडीएफ कर. त्यात कमीपणा काहीच नाही.

नेहमीसाठी बसवायचंच झालं तर एक गोष्ट नक्की होणार. लाटेकचं नेहमीचं इंजिन मराठीचं पहिलं अक्षर आलं की अडेल, आणि पॅनडॉकच तुला सुचवेल की झीलाटेक वापरून बघ. ते ऐकलंस की आता पीडीएफ होते, पण पान जवळजवळ कोरं! कारण नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, आणि टर्मिनलवर 'मिसिंग कॅरॅक्टर' अशा सूचनांची रांग लागलेली असते. मग मराठी फॉन्ट द्यायचा. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त' फुकट मिळतो आणि त्याच्यात ठळक अक्षरंही आहेत, पुस्तिकेला तो छान दिसतो. आणि फॉन्ट देऊनही वेलांट्या भलत्या बाजूला पडल्या, जोडाक्षरं सुटी सुटी झाली, तर समज की लिपी सांगायची राहिली. पूर्ण ओळ अशी:

पॅनडॉक टेस्ट.एमडी -ओ टेस्ट.पीडीएफ --पीडीएफ-इंजिन=झीलाटेक -व्ही मेनफॉन्ट="मुक्त" -व्ही मेनफॉन्टऑप्शन्स="स्क्रिप्ट=देवनागरी"

यातला 'व्ही' मोठ्या लिपीतला हवा. छोटा लिहिलास तर पॅनडॉक तुला पुन्हा आपली आवृत्ती सांगून मोकळं होईल. 'स्क्रिप्ट' आणि 'देवनागरी' यांचीही पहिली अक्षरं मोठी. पीडीएफ उघडलीस की ते मघाचे शब्द शोध, 'विद्युत', 'शक्ती', 'ऱ्हस्व'. ते नीट दिसले तर मराठी सुटली.

आणि हो, फुकटातल्या ऑनलाइन रूपांतराच्या पानांवर कंपनीच्या फाइली चढवू नकोस, कितीही सोपं वाटलं तरी. पॅनडॉक तुझ्याच कॉम्प्युटरवर चालतं, इंटरनेट बंद ठेवलंस तरी चालतं, आणि फाइल कुठेही बाहेर जात नाही. साहेबांनी हेच निवडलं ते बरं केलं.

चाचणीचं फोल्डर काम संपलं म्हणून पुसून टाकू नकोस. त्यातली फाइल, चाललेल्या कमांड आणि तुला पटलेले निकाल तसेच ठेव. नवी आवृत्ती आली की आधी त्यावर चालव, जुन्या निकालाशी ताडून बघ, मगच पुस्तिकांना लाव. पुढे सगळं फोल्डर एका दमात बदलायची वेळ येईल तेव्हा '--फेल-इफ-वॉर्निंग्ज' ही सूचना जोड, म्हणजे जिथे शंका आहे ती फाइल पुढे न सरकता तिथेच थांबेल.

उद्या सकाळी सगळ्यात आधी तीन गठ्ठे पाड. युनिकोड डॉकएक्स एकीकडे, जुन्या फॉन्टच्या दुसरीकडे, डीओसी तिसरीकडे. प्रत्येकातून एकेक पुस्तिका पूर्ण करून किती वेळ लागला ते लिहून ठेव आणि तो कागद घेऊनच साहेबांकडे जा. रूपांतराला क्षणभर लागतो, पण स्टाइली लावायला, बाण परत काढायला, सूचना ताडून बघायला दिवस जातात, हे त्यांना आकड्यांत दाखव आणि तेवढा वेळ मागून घे, लाजू नकोस. जोडलेल्या रकान्यांची टेबलं मार्कडाउनमध्ये नीट मावतीलच असं नाही, तिथे बहुतेक अडशील. तसं झालं तर तेवढं एकच टेबल वेगळ्या फाइलमध्ये काढ, त्यातल्या किमती आणि ग्राहकांची नावं पुसून टाक, आणि मला पाठव. सोबत पॅनडॉकचा आवृत्ती-आकडा.